शुक्रवारचा वस्तरा

लिबोरियो दर शुक्रवारी दुपारी यायचा. आधी दाढी करून घ्यायचा, आरशात दोन्ही गाल वळवून बघायचा, आणि मग कमरेतून स्वतःचा वस्तरा काढून माझ्या फळीवर ठेवायचा.

"उस्ताद, जरा हात फिरवा," म्हणायचा.

तो वस्तरा दाढीचा नव्हता हे साल्वादोरच्या बंदरावर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. लिबोरियो गोदीच्या ठेकेदाराचा माणूस. कुणी कामाला नाही म्हटलं, कुणी चार माणसांत तोंड उघडलं, की हा पांढरे कपडे घालून, गळ्यात रेशमी रुमाल बांधून त्याला शोधत जायचा. एका नावाड्याचा कान, एका हमालाच्या कपाळावरची तिरकी रेघ, वखारीतल्या एका कारकुनाचं नाक. हे सगळं माझ्या धारेचं काम. मी उतारावरचा न्हावी, फिर्मिनो माझं नाव, आणि खरं सांगायचं तर या कामाची लाज वाटायच्या आधी बरीच वर्षं मला त्याचा थोडा अभिमानच होता.

"तुमच्या धारेचं एक आहे," तो एकदा म्हणाला होता, "माणसाला कळतच नाही. तो हसत असतो. सदरा लाल झाला की मग खाली बघतो."

मी मान डोलावली होती. न्हाव्याला शाबासकी देतं कोण? लोक आरशात स्वतःचा चेहरा बघतात आणि निघून जातात.

ही विद्या मला म्हाताऱ्या पांतालियनने दिली. त्याच्याकडे सात वस्तरे होते, वाराला एक. दाढी झाली की वस्तरा धुवायचा, पुसून कोरडा करायचा, शिडाच्या कापडावर चार-सहा वेळा फिरवून ओल घालवायची आणि मिटून ठेवायचा. चामड्याला लावायचा नाही. "आत्ता ती दमलीय," म्हातारा म्हणायचा. केस कापताना धारेची बारीक कड वाकते, एक-दोन दिवस पडू दिली की आपसूक सरळ होते. चामड्यावर न्यायचं ते पुढच्या दाढीच्या आधी. पंचवीस हात कापडावर, पन्नास चामड्यावर. पाठ पुढे, धार मागे. टोकाला पोचलं की पाठीवर कूस बदलायची, धारेवर कधीच नाही. चामड्याचा पट्टा ताठ हवा, नाहीतर धार गोल होते. आणि जोर लावायचा नाही. पात्याचं स्वतःचं वजन पुरतं. मी जोर लावला की पांतालियन पट्ट्याचं मोकळं टोक माझ्या मनगटावर हाणायचा. दोन वर्षं माझं मनगट सुजलेलं होतं.

बावीस सालच्या पावसाळ्यानंतर गोदीत माल उचलणाऱ्या यारीचा दोर तुटला आणि तंबाखूच्या गासड्यांखाली दोन माणसं मेली. माझी बहीण झुलमिरा हिचा नवरा बेलमीरो त्याच टोळीत होता. धिप्पाड, हसरा माणूस; दोन पोती एका खांद्यावर घ्यायचा. दोघांना त्यानेच ओढून बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तो यारीखाली उभा राहिला आणि म्हणाला, "दोर बदला, मग आम्ही खाली येतो." त्याच्यामागे आधी दहा माणसं उभी राहिली, मग चारशे. सहा आठवडे जहाजं बंदरात नुसती डुलत राहिली.

सात डिसेंबरला लिबोरियो आला. त्या दिवशी गुरुवार होता.

"एक दिवस आधीच आलास?" मी म्हटलं.

"उद्या कोन्सेसांव माउलीचा सण. उद्या दुपारी मला वेळ नाही." त्याने वस्तरा फळीवर ठेवला. "हा राहू दे तुमच्याकडे. सकाळी नेईन. चांगली लावा, उस्ताद. रेड्याच्या मानेला लागेल अशी."

बंदरावर बेलमीरोला सगळे रेडा म्हणत. लिबोरियोला हे माहीत होतं, आणि बेलमीरो माझा मेव्हणा आहे हेही माहीत होतं. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी काय करतो ते त्याला बघायचं होतं.

"लावतो," मी म्हणालो.

संध्याकाळी मी बहिणीच्या घरी गेलो. बेलमीरो दारात बसून मासे साफ करत होता.

"उद्या सणाला जाऊ नकोस," मी म्हटलं. "लिबोरियो येणार आहे. तुझ्यासाठी."

"कुणी सांगितलं?"

"त्यानेच. वस्तरा माझ्याकडे आहे."

बेलमीरो हसला. "म्हणजे माझी मान कापायचा वस्तरा माझाच मेव्हणा परजणार. लग्नात तुझ्या बहिणीने हे सांगितलं नव्हतं."

"चेष्टा नाही करत मी. दोन दिवस खाडीपल्याडच्या बेटावर जा."

"आणि चारशे माणसं काय म्हणतील? रेडा दावं तोडून पळाला?" त्याने माशाचं पोट फाडलं आणि आतली घाण मांजरापुढे टाकली. "मी गेलो तर सोमवारी सगळे त्या दोराखाली उभे राहतील, फिर्मिनो. मी नाही जात."

झुलमिरा चुलीशी उभी राहून ऐकत होती. ती माझ्याकडे वळली. "दादा, तू त्याला नाही का म्हणत नाहीस? किती वर्षं झाली, त्या सैतानाच्या वस्तऱ्याला धार लावतोयस."

नाही म्हटलं असतं तर त्याने दुसरा न्हावी गाठला असता, हे खरं. पण मी एकदाही नाही म्हटलं नव्हतं, हे त्याहून खरं.

पहाटे दुकान उघडलं. लिबोरियोची एक खोड मला पाठ होती: वस्तरा हातात घेतला की मुठीजवळच्या भागाने तो मनगटावरचे केस उडवून बघायचा. नेहमी तिथेच, दोन बोटांची जागा. तेवढी जागा मी नीट केली, पट्टा ताठ धरून. मग पट्टा ढिला सोडला. उरलेलं पातं मी त्यावर दाबून फिरवलं, आणि कूस बदलताना धारेवरच बदलली. एकदा, दोनदा, वीस वेळा. पांतालियनने ज्या ज्या चुकीसाठी मारलं होतं, ती प्रत्येक चूक त्या सकाळी मी मुद्दाम केली. वाईट काम हाताला येतच नव्हतं. शेवटी नख लावून बघितलं. कड वळली होती. वरून पातं आरशासारखं चमकत होतं.

लिबोरियो आला, केस उडवून बघितले, मनगटावर फुंकर मारली. "वा," म्हणाला, आणि गेला.

मी दुकान बंद करून त्याच्यामागे गेलो. माउलीच्या चर्चसमोर मुंगीला वाट नव्हती. ताडतेलात चवळीचे वडे तळत होते, ढोल वाजत होते, बायका पांढऱ्या झग्यांत. बेलमीरो पायऱ्यांपाशी आठ-दहा हमालांबरोबर उभा होता. हातात वडा होता. लिबोरियो गर्दीतून अगदी सावकाश त्याच्यापर्यंत गेला, जणू वडा मागायला चाललाय. मग त्याचा हात वर गेला.

मानेवरच गेला वार. मी बघितलं. पातं कानाखाली टेकलं, पण रुतलं नाही. लिबोरियोने ते ओढलं तशी कातडी पात्याबरोबर ओढली गेली, आणि कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत गाल फाटत आला, भिजलेलं पोतं फाटावं तसा. तो आवाज मला ऐकू आला. बेलमीरोचे दात बाजूने दिसत होते. पण गळ्याची शीर शाबूत होती.

लिबोरियो क्षणभर थांबला. पात्याकडे बघितलं त्याने. तेवढ्यात बेलमीरोने त्याचं मनगट धरलं, त्याला खाली ओढलं आणि तो हात चर्चच्या दगडी पायरीवर आपटला. हाडं मोडल्याचं कळलं, तरी तो आपटतच राहिला. त्याच्या तोंडातून रक्त आणि चवळीचे तुकडे गळत होते. मग बाकीचे हमाल धावले. कुणी लाथ घालत होतं, कुणी तळणीचा झारा घेऊन आलं होतं. लिबोरियोला त्याच्या दोन माणसांनी वस्तऱ्यासकट कसंबसं ओढून नेलं. त्याचा एक बूट पायरीवर राहिला.

डॉक्टरने बेलमीरोच्या गालाला एकतीस टाके घातले. "हे कशाने केलं? करवतीने?" त्याने विचारलं. "चांगला वस्तरा असता तर जखम सरळ आली असती."

"चांगला वस्तरा असता तर तुमच्याकडे आणायची गरज पडली नसती," मी म्हणालो.

झुलमिराने माझ्याकडे बघितलं. ती मूर्ख नाही. घरी गेल्यावर तिने मला भिंतीशी उभं केलं आणि सगळं काढून घेतलं. मग बसून रडली, उठली, आणि माझ्या कपाळाचं चुंबन घेतलं. तिथवर ठीक होतं. पण तिसऱ्या दिवशी मासळीबाजारात कुणीतरी तिला टोमणा मारला की तुझ्या भावाच्याच धारेने तुझा नवरा फाडला. तिला ते सहन झालं नाही. "माझ्या भावाने ती धार मोडली म्हणून माझा नवरा जिवंत आहे," ती भर बाजारात म्हणाली. कोळणींनी ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बंदराने ऐकलं.

"मी काय केलं, दादा," ती रात्री म्हणाली.

"खरं तेच बोललीस," मी म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून पळायला म्हणून मी दुकानाचं मागचं दार उघडं ठेवू लागलो.

पण लिबोरियो पुढच्याच दाराने आला. तीन आठवड्यांनी, भर दुपारी, उतारावर चिटपाखरू नसताना. बेलमीरो आणि झुलमिरा दवाखान्यात गेले होते. लिबोरियोचा उजवा हात फळ्यांत बांधून गळ्यात अडकवलेला होता, त्याच रेशमी रुमालाची झोळी करून. डाव्या हातात पिस्तूल. त्याने पायाने दार लोटलं.

"वस्तरा माझ्या खिशात आहे," तो म्हणाला. "काढा."

मी काढला.

"तुमच्या हातचं खोटं काम मी बघितलं. आता खरं बघू. सहाणेपासून सगळं करा. घाई नाही."

"गोळीच घाल ना," मी म्हटलं.

"गोळी कुणीही खातं, उस्ताद. वस्तऱ्याचं काम वस्तऱ्याने. मी तुम्हाला मारणार नाही. उजवा हात तेवढा घेणार. मुकादमासमोर, ठेकेदारासमोर माझी काय शोभा झाली माहीत आहे? मला आता पोरं दगड मारतात."

मी सहाणेवर पाणी घातलं आणि वळलेली कड काढायला बसलो. त्याने सांगितलं म्हणून नाही. हात दुसरं काही जाणतच नव्हता. मग कापडावर पंचवीस. मग पट्टा खुर्चीच्या आकड्याला अडकवून ताणला, आणि चामड्यावर सुरुवात केली. लिबोरियो मोजत होता. पात्याचा चामड्यावरचा आवाज आधी खरखरीत येतो, मग मऊ होतो, मग नुसता श्वासासारखा. तीसच्या पुढे माझी भीती कुठेतरी गेली. इतकी धार मी आयुष्यात कधी लावली नव्हती. आपल्याच हातासाठी होती ती.

"पन्नास," लिबोरियो म्हणाला. "आता तुमच्या मनगटावर. सगळं पातं, मुठीपासून टोकापर्यंत. मी शिकलोय आता."

मी पातं फिरवलं. केस हवेत उडाले, कातडीला कळलंही नाही.

"फळीवर ठेवा. हात पालथा ठेवा शेजारी."

ठेवला. आता त्याची अडचण झाली. हात एकच, आणि दोन हत्यारं. त्याने पिस्तूल झोळीत सरकवलं आणि वस्तरा उचलला. तेवढ्या वेळात मी कोळशाच्या शेगडीवरची किटली डाव्या हाताने उचलून त्याच्या तोंडावर फेकली.

तो ओरडला नाही. डोळे मिटून त्याने वार केला, आणि मी उजव्या हाताने पातंच धरलं. बोटं गेली हे मला समजलं नाही. फक्त मूठ नीट बंद होईना, एवढंच जाणवलं. मग डाव्या हाताने त्याचं मनगट पकडलं आणि अंग घालून त्याला खुर्चीवर रेटलं. झोळीतलं पिस्तूल खाली पडलं, आपटून गोळी सुटली, आणि आरसा फुटला. आम्ही दोघे खुर्चीत अर्धे आडवे. त्याच्या तोंडाची कातडी लाल होऊन सोलवटत होती. वस्तरा त्याच्याच मुठीत होता, आणि त्याच्याच मानेकडे वळला होता. ती मान उघडी होती.

इथे मला थांबता आलं असतं. फौजदाराला मी हे सांगितलं नाही, पाद्र्याला सांगितलं. लिबोरियोच्या हातातला जोर गेला होता. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "पुरे, उस्ताद."

मी रेटलं. फार जोर लागला नाही.

त्याचं रक्त माझ्या छातीवर आलं, गरम. तो खुर्चीतून उठायला लागला, मग पुन्हा बसला, गिऱ्हाईक बसतं तसा, डोकं मागे टेकून. मी टॉवेल घेऊन त्याच्या गळ्यावर दाबला. का दाबला, मला सांगता येणार नाही. तुरटीचा खडाही हातात घेतला होता. टॉवेल भरला, दुसरा घेतला, तोही भरला. माझं स्वतःचं रक्त त्यात मिसळत होतं. त्याचा पाय दोन-तीनदा फरशीवर घासला. मग दुकानात फक्त किटलीतलं उरलेलं पाणी टपकत होतं.

फौजदार आला, पिस्तूल बघितलं, माझी दोन बोटं कातडीवर लोंबत होती ती बघितली, आणि झटापटीत मृत्यू असं लिहून घेतलं. लिबोरियोसाठी कुणालाच फार प्रश्न विचारायचे नव्हते. ठेकेदाराने त्याला ओळखत नसल्याचं सांगितलं. डॉक्टरने माझी ती दोन बोटं काढून टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक म्हातारी उभी राहिली. काळा झगा, पायात काही नाही. लिबोरियोची आई, रोमाना मावशी. मी तिला ओळखत होतो. ती खालच्या गल्लीत इस्त्रीला कपडे घ्यायची. झुलमिरा माझ्या हाताची पट्टी बदलत होती. ती उठून माझ्यापुढे उभी राहिली.

"बाजूला हो, पोरी," म्हातारी म्हणाली. "भांडायला नाही आले मी." मग माझ्याकडे वळली. "दुपारी पुरायचंय त्याला. तोंडावर दाढीचे खुंट आहेत. उतारावरच्या बाकीच्या तिन्ही न्हाव्यांकडे गेले. एकाने दार लावलं, दुसरा थुंकला, तिसरा म्हणाला, हात लावायला भीती वाटते."

"मावशी, हे कुणी केलं ते ठाऊक आहे ना तुम्हाला?" झुलमिरा म्हणाली.

"ठाऊक आहे. पण दाढी याला येते."

मी उठलो. झुलमिराने माझा दंड धरला. "दादा, तुझा हात बघ."

"डावा आहे," मी म्हटलं. "तू पट्ट्याचं टोक धर. घट्ट धर, ढिलं सोडू नकोस."

ती धरून उभी राहिली. डाव्या हाताने मी माझा नेहमीचा वस्तरा फिरवू लागलो. उलट्या हाताने लिहावं तसं वाटत होतं. दहाव्या हातालाच मी पट्ट्याला चीर पाडली. झुलमिराचे डोळे भरले होते, पण तिचं टोक हललं नाही. म्हातारी दारातच थांबली होती. पन्नास पुरे व्हायला बराच वेळ लागला.

लिबोरियो खालच्या गल्लीत, एका खोलीत टेबलावर होता. मानेला स्वच्छ पांढरं फडकं गुंडाळलेलं. एका गालावर भाजल्याचे फोड होते, तिथे मी साबण लावला नाही. उरलेला चेहरा मला पाठ होता. हनुवटीखाली केस उलटे वाढायचे, वरच्या ओठाजवळ जुनी खूण होती. कातडी थंड आणि ताठ, ओढायला लागत नव्हती. डाव्या हाताने अर्धा तास लागला. एकदाही कापलं नाही.

रोमाना मावशीने ओल्या फडक्याने त्याचं तोंड पुसलं आणि गालावरून हात फिरवून बघितला, गुळगुळीत झालाय का ते.

"त्रास झाला का रे त्याला?" तिने विचारलं.

"नाही, मावशी," मी म्हटलं. "धार चांगली होती."

तिने मान हलवली. मग चुलीशी गेली, कॉफी गाळली, आणि माझा हात बांधलेला म्हणून पेला स्वतः माझ्या तोंडाशी धरला. मी प्यालो. कॉफी गोड मिट्ट होती.